चिंचोक्यांवर मोजलेला हिवाळा

“हमीदभाई! ओ हमीदभाई! जांभळीकडं पाहा, जांभळीकडं! अन् हालू नका!”

असा मी ओरडत होतो. सातपाणी तलावाच्या पाळीवर, सांडव्याच्या टोकाला उभा राहून, एका पायात चप्पल आणि दुसरी चिखलात. माझा आवाज साधासुधा नाही. तीस वर्षं मी लाल बसमध्ये कंडक्टर होतो. बुलढाण्याच्या स्टँडवर मी “धाड, धाड, धाड” म्हटलं की धाडला उतरणारेच काय, धाडला राहणारेही घरातून पिशवी घेऊन निघत. त्या सकाळी त्या आवाजाने पाण्यावरचं झाडून सगळं पाखरू उठलं, पलीकडच्या हरभऱ्यात बसलेले रोही, म्हणजे नीलगायी, उठले, आणि शेगावच्या स्टेशनात एखादी गाडी सिग्नल नसताना सुटली असेल तर तिची जबाबदारी मी घेतो.

फक्त ज्यांना हाक मारली ते तिथे नव्हते. पाळीच्या दुसऱ्या टोकाला बाभळीखाली एक चपटा दगड आहे. हमीदभाई त्यावर बसायचे. दहा महिन्यांपासून दगड रिकामा होता. हे मला ठाऊक होतं, तोंडाला ठाऊक नव्हतं.

यंदाची थंडी लागली तशी गेल्या हिवाळ्यातली ती सकाळ मनात परत वर आली. आमच्याकडे थंडी वर्दी देऊन येते. आधी तुरीचा पिवळा फुलोरा गळून शेंगा धरतात, मग हरभऱ्याच्या पानावर आंब चढते आणि शेतातून चालताना धोतराला, पँटला तो आंबट वास लागतो. मग एक दिवस अजिंठ्याच्या डोंगराकडून वारा उतरतो आणि माझ्या मोपेडचं हँडल असं गार पडतं की एकदा माझे दोन्ही पंजे त्यालाच चिकटले आणि टपरीवाल्याने मला चहा तोंडात ओतून पाजला. त्याच वाऱ्यावर बदकं येतात. कुठून येतात ते शाळेतली मुलं मला सांगतात, बर्फाच्या डोंगरापलीकडून वगैरे. मी मुलांना सांगतो की त्यातल्या दोघांना मी नावानिशी ओळखतो आणि एकाने गेल्या खेपेला माझ्याकडून तिकीट काढलं होतं.

तलावाला सात नाले येऊन मिळतात म्हणून सातपाणी. मी स्वतः फिरून तीन पाहिले. उरलेले चार म्हणजे माझ्या स्वभावाचे लोक या गावात पूर्वीही होते याचा पुरावा. पाणी फार नाही. पण उथळ आहे, कडेला पाणकणीस आहे, पूर्वेच्या कोपऱ्यात एक म्हातारी जांभूळ अर्धी पाण्यात वाकली आहे. वनखात्याने तलाव राखीव केला, फाटकाशी एक काळा फळा लावला, ‘या आठवड्यात दिसलेले’ असं वर रंगाने लिहिलं आणि खाली खडूने लिहायला दोन माणसं शोधली. गावात सकाळी सहाला कामाशिवाय जागी असणारी दोनच माणसं होती. एक मी, रिटायर झालो होतो, बायको जाऊन वर्ष झालं होतं, दोन्ही मुली नांदायला गेल्या होत्या, घरात मी आणि भिंतीवरचं घड्याळ, आणि ते घड्याळही माझ्या गोष्टी ऐकून पुढे पळायचं. दुसरे हमीदभाई. ते धाडचे पिंजारी, गाद्या भरणारे. बाजारात फोमच्या गाद्या आल्या तसं त्यांचं काम आटलं होतं, पहाटे उठायची सवय मात्र आटली नव्हती. धाडहून सकाळच्या पहिल्या जीपने यायचे आणि फाट्यापासून चालत. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे. मला कधी नावाने हाक मारली नाही, “कंडक्टर” म्हणायचे.

मोजायची पद्धत त्यांची. प्रत्येकाच्या सदऱ्याच्या डाव्या खिशात मूठभर चिंचोके. दहा पाखरं मोजली की एक चिंचोका डाव्या खिशातून उजव्या खिशात. डोळा पाण्यावरून हलवायचा नाही, बोटं आपलं काम करतात. ऊन वर आलं की उजवा खिसा रिकामा करायचा, मोजायचा, वहीत लिहायचा. कापूस पिंजताना एखादी सरकी राहिली तर बोटाला कळते, डोळ्याला कळत नाही, असं ते म्हणायचे. त्यांचा डोळ्यांपेक्षा बोटांवर विश्वास जास्त.

माझी अडचण अशी की माझे चिंचोके भाजलेले असत. गार सकाळी, बदकं पोहत असताना, खिशात भाजलेले चिंचोके असले आणि माणसाने ते खाल्ले नाहीत तर तो माणूस नव्हे. एका सकाळी वही लिहायला बसलो तर माझ्या उजव्या खिशात तीन चिंचोके निघाले. हमीदभाईंनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. तोंड अजून चालू होतं.

“कंडक्टर,” ते म्हणाले, “तू दोनशे बदकं खाल्ली.”

त्यानंतर ते मला कच्चे चिंचोके द्यायला लागले. देताना मोजून देत.

आम्ही दोघं पाळीच्या दोन टोकांना बसत असू, मध्ये पाणी. मी माझे आकडे ओरडून सांगायचो, स्टँडवर गावं पुकारतात तसे. तलवार बदक साठ, चांदवे दोनशे, शेकाटे तीस. ते ओरडत नसत. खिशातून पांढरा रुमाल काढायचे आणि एकदा हलवायचे. म्हणजे ऐकलं. बराच काळ मला वाटत होतं की माझा शब्द वहीत जसाच्या तसा उतरतोय. एक दिवस वही उघडली तर तलवार बदक तीस, चांदवे शंभर, शेकाटे पंधरा. विचारलं तर म्हणाले, तुझं अर्धं केलं की खरं निघते, मी गुपचूप दोनदा मोजून पाह्यलं. मग मी दुप्पट सांगू लागलो. त्यांना ते तिसऱ्या दिवशी समजलं आणि ते पाव करायला लागले. मग मी चौपट. असं करत करत एका सकाळी मी सातपाणीवर आठ हजार बदकं असल्याचं जाहीर केलं. रुमाल हलला नाही. हमीदभाई दगडावरून उठले, सगळी पाळ चालत माझ्यापर्यंत आले आणि शांतपणे विचारलं, “मंग पाणी कुठी आहे बे?”

त्यानंतर आम्ही तडजोड केली. मी माझ्या हिशेबाने सांगायचं, त्यांनी अर्धं घ्यायचं. हा करार बरीच वर्षं चालला. एखाद्या नवरा-बायकोतही इतका चालत नाही.

वहीत दोन सह्यांची गरज कशी आली तेही सांगतो, कारण त्यात दोष सर्वस्वी माझा आहे आणि तो मी आनंदाने घेतो. एका पावसाळ्यानंतर गढूळ पाण्यात मला मगर दिसली. मी पाहिलं ते असं: सहा हात लांब, पाठीवर खवल्यांच्या रांगा, अर्धी बुडालेली, एक डोळा माझ्यावर. मी जे ओरडलो त्याने दुपारपर्यंत तीन गावं पाळीवर होती. भजेवाल्याने गाडी लावली. कुणीतरी मगरीला नारळ फोडला. बुलढाण्याहून साहेब आले, दोरखंड आले, पिंजरा यायला निघाला. हमीदभाई उशिरा आले, पायजमा गुडघ्यावर घेतला, सरळ पाण्यात शिरले आणि मगरीची शेपटी धरून तिला काठावर ओढली. ती गादी होती. कुणीतरी टाकून दिलेली, फुगलेली, टाक्यांच्या रांगांनी पाठ खवल्यांसारखी दिसणारी. हमीदभाईंनी चिखल पुसून टाके पाहिले आणि साहेबांना म्हणाले, “शिलाई माझी आहे.”

लोक पोट धरून हसले. मी सगळ्यात मोठ्याने हसलो, कारण दुसरं काय करणार. पण साहेबांनी तिथेच ठरवलं की इथून पुढे ज्या नोंदीवर दोघांच्या सह्या असतील तीच पेनाने, तीच खरी. एकट्याने पाहिलेलं शिसपेनने लिहायचं.

तलाव राखणं म्हणजे नुसतं मोजणं नाही. आम्ही बरंच काही करायचो, आणि त्यातलं निम्मं काम बेशरम उपटायचं. बेशरम म्हणजे ती जांभळ्या फुलांची झुडपं. नाव ज्याने ठेवलं त्याचे पाय धरावेत. आज उपटा, आठ दिवसांनी आणखी हसत उभी. मी एकदा एक मुळासकट उपटून मोपेडवर टाकून घरी नेलं, तर दुसऱ्या दिवशी ते माझ्या अंगणात मला ‘चहा घेता का’ विचारत होतं. हमीदभाई खाली बसून, मूळ बोटाने चाचपून, माती सैल करून काढायचे. त्यांनी काढलेली जागा परत हिरवी झाली नाही. जलपर्णीचे लोंढे काठीने ओढायचे, सांडव्यात अडकलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या काढायच्या, मचाणाची एक पायरी दर वर्षी तुटायची ती बसवायची. काम करताना मी बोलायचो, ते ऐकायचे. ऐकताना चेहऱ्यावर काही नाही, पण मध्येच “अर्धं” असं म्हणायचे. माझ्या आयुष्यात माझी गोष्ट इतकी लक्षपूर्वक कुणी ऐकलेली नाही. अर्धं करायचं तर आधी पूर्ण ऐकावं लागतं.

मग त्यांच्या डोळ्यांवर धुकं आलं. पहिल्यांदा त्यांनी मला चष्मा बदलायचा आहे असं सांगितलं. मग एक दिवस ते बगळ्यांना शेकाटे म्हणाले, आणि मी दुरुस्त केलं नाही. मला वाटतं त्यांना त्याच क्षणी कळलं. मी एखादी गोष्ट दुरुस्त करत नाही असं कधी होत नसे. काचबिंदू निघाला. बुलढाण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं की गेलेली नजर आता परत येत नाही. हमीदभाईंनी आपल्या खिशातले चिंचोके माझ्या डाव्या खिशात टाकले आणि जीपमध्ये बसले.

आणि मी त्यांच्याकडे गेलो नाही. हे सांगायला मला कुठलीही अतिशयोक्ती सुचत नाही. धाड काही चंद्रावर नाही. दर आठवड्याला धाडच्या बाजारात मी भाजी घ्यायला जायचो आणि त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी वांगी निवडत उभा राहायचो, पण आत वळत नव्हतो. कारण सांगतो, पटलं तर पाहा. ज्याला दिसतं त्याला थाप मारणं ही करमणूक आहे. त्याच्यासमोर पाणी आहे, बदकं आहेत, तो मान फिरवून पाहू शकतो, अर्धं करू शकतो. ज्याला दिसत नाही त्याला थाप मारली तर ती फसवणूक होते. आणि थाप न मारता काय बोलायचं हे मला माहीत नव्हतं. मी बसायचं आणि म्हणायचं, आज एकोणीस बदकं होती? एवढंच? त्यापेक्षा वांगी बरी.

तर दहा महिने वहीत शिसपेन. मी आकडे ओरडायचो, कारण ओरडल्याशिवाय मला मोजता येत नाही. पलीकडे रुमाल हलत नसे. आणि एक विचित्र गोष्ट झाली. अर्धं करणारं कुणी नाही म्हटल्यावर मी दुप्पट सांगायचा थांबलो. चाळीस चांदवे असले तर चाळीस म्हणू लागलो. माझा आवाजही, मला वाटतं, लहान झाला. पाण्यावरून परत येताना तो मला ओळखू येत नसे.

आणि मग ती सकाळ. संक्रांत होऊन गेली होती. धुकं पाण्यावर कापसासारखं पसरलेलं, म्हणजे हमीदभाईंनी पिंजलेल्या कापसासारखं, गुठळी नसलेलं. जांभळीच्या मुळांशी पाणी हललं. वाटलं मासा. मग एक चपटं डोकं वर आलं, मिशा आल्या, ओलं तपकिरी अंग आलं, मागून जाड शेपूट. ते जनावर मुळीवर चढून बसलं, पुढच्या दोन्ही हातात मासा धरला आणि आपण भाजलेलं कणीस खातो तसं डोक्याकडून खाऊ लागलं. कड्डकड्ड आवाज मला इथवर आला. पाणमांजर. माझ्या आजोबांनी सांगितलं होतं, पूर्वी असायची. माझ्या आजोबांचंही अर्धंच घ्यायचं, म्हणून मी कधी विश्वास ठेवला नव्हता.

मला त्या वेळी जे ओरडायचं ते मी ओरडलो. वर लिहिलंच आहे. जनावर बुडी मारून गेलं. मी रिकाम्या दगडाकडे बघत उभा राहिलो.

त्या आठवड्यात पोकलेन आलं होतं. तलावाचा गाळ आणि पाणकणीस काढायचं काम वरून मंजूर झालं होतं, आणि सुरुवात पूर्वेच्या कोपऱ्यापासून, जांभळीपासून, कारण तिथे मशीनला उतरायला जागा होती. काम चांगलंच होतं; पाणकणीस वाढलं की पाणी मरतं. पण जांभळीच्या मुळांखाली बीळ होतं. मी जाऊन पाहिलं होतं. तोंडाशी घसरण, ओली माती, आणि दगडावर माशाच्या खवल्यांनी भरलेली विष्ठा.

आमच्याकडे गार्ड मॅडम आहेत, तरुण, चिखलीकडच्या, कामाला चोख. मी त्यांना सांगितलं. त्यांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि विचारलं की काका, आणखी कुणी पाहिलं का. मी म्हटलं, नाही. त्यांनी वही उघडून पेन्सिल पुढे केली. चेष्टा नव्हती. त्यांच्या चेहऱ्यावर मला ती गादी दिसत होती, त्यांच्या येण्याआधीची, कुणीतरी त्यांना सांगितलेली.

“काका, सोमवारी मशीन चालू होईल,” त्या म्हणाल्या. “पेनाची नोंद असली तर मी तेवढा कोपरा सोडायला लावते. शिसपेनवर मला वर बोलता येत नाही.”

मी त्यांना दोष देत नाही. मीच तीस वर्षं हाफ तिकिटावर आलेल्या मिशीवाल्यांना खाली उतरवलं आहे.

तर मी गल्लीत वळलो. हमीदभाई दुकानाच्या मागच्या खोलीत बसले होते, पुढ्यात जुन्या गादीचा कापूस, हाताने मोकळा करत होते. भाभींनी दार उघडलं आणि आत सांगितलं, कंडक्टर आलाय. त्यांनी मान वळवली नाही. मी बसलो. बराच वेळ मी भाभींच्या चहाबद्दल बोललो. मग म्हटलं, सातपाणीवर पाणमांजर आहे.

बोटं कापसात थांबली.

“किती?”

इथे जरा थांबून माझी परिस्थिती समजून घ्या. दोन म्हटलं असतं तर त्यांनी अर्धं करून एक केलं असतं, आणि खरं तेवढंच निघालं असतं. मी वर्षानुवर्षं असंच खरं बोलत आलो होतो. एक म्हटलं तर हाती अर्धं जनावर राहतं. शिवाय पाणमांजरं टोळीने राहतात असं सगळे सांगतात. एकटं दिसलं म्हटलं तर माझ्यावर माझाही विश्वास बसला नसता. माझ्या जिभेवर ‘दोन पिल्लं, एक मादी, एक भला मोठा नर’ असं सगळं कुटुंब तयार बसलं होतं.

“एक,” मी म्हटलं.

“एकच?”

“एकच दिसलं.”

हमीदभाईंनी हात लांब केला, माझा खांदा शोधला, तिथून वर कपाळाला हात लावून पाहिला. “तब्येत बरी हाये ना बे तुझी?”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना मोपेडवर मागे बसवून नेलं. त्यांनी माझ्या कमरेला धरलं नाही. मी सोबत आणलेली वही दोन्ही हातांनी धरली होती, जशी काही वही पडेल. फाट्यावर म्हणाले, डाव्या हाताला तूर आहे ना यंदा. मी म्हटलं, हाव. वासानं कळते, म्हणाले. फाटकाशी फळ्यावर हात फिरवला. फळा कोरा होता, खडू भिजून गेला होता, मी महिनाभर काही लिहिलं नव्हतं. त्यांनी बोटाला लागलेली पांढरी पूड पायजम्याला पुसली.

जांभळीपर्यंत मी त्यांना हात धरून नेलं. चिखलात ते माझ्यापेक्षा नीट चालले. दगडाशी बसले, मी त्यांचा हात विष्ठेवर ठेवला. त्यांनी चिमूट घेतली, अंगठा आणि तर्जनीत हळूहळू चुरली, जशी कापसात सरकी शोधतात. नाकाशी नेली. परत चुरली.

“खवले,” म्हणाले. “अन् खेकडा. कालचंच आहे.”

मग हात मुळीवरून खाली नेत गेले, बिळाच्या तोंडाशी आले, तिथली घसरण तळहाताने एकदा चोळली. वर पाहिलं. म्हणजे चेहरा वर केला. “पाण्यावर काय हाये आज?”

मी सांगायला लागलो. त्यांनी स्वतःच्या डाव्या खिशात हात घातला, चिंचोके होते. घरून घेऊन आले होते. मी म्हटलं, चांदवे, चाळीस. चार चिंचोके डावीकडून उजवीकडे गेले. तलवार बदक, वीस. दोन. मी वाट पाहिली. त्यांनी उजव्या खिशातून काही परत काढलं नाही. मग मी बाकीचं सांगितलं, जेवढं होतं तेवढं, एक ढोकरी, तीन पाणकावळे, एक खंड्या बाभळीवर. दहा न भरणाऱ्यांना चिंचोका नसतो, पण त्यांनी मान हलवली. गार वारा सुटला होता. मी ओरडत नव्हतो. एका हाताच्या अंतरावर बसलेल्या माणसाला ओरडून सांगायचं कारण नव्हतं.

वही त्यांनी मांडीवर घेतली. पेन मागितला. मी ओळीखाली माझं बोट धरलं आणि ते त्या बोटाच्या आधाराने लिहीत गेले; तरी ओळ खाली उतरत गेली, टाका सुटलेल्या शिलाईसारखी. मी वाचलं: ‘जांभळीखाली विष्ठा. हाताने तपासली. खवले, खेकडा. बीळ आहे. जनावर मी पाहिलं नाही. कंडक्टरने पाहिलं. एक.’ खाली सही.

मी माझी सही केली. माझ्या सहीला पुष्कळ वेलांट्या आहेत, लफ्फेदार आहे. त्या दिवशी नुसतं नाव लिहिलं.

गार्ड मॅडमनी ती नोंद दोनदा वाचली. सोमवारी त्यांनी स्वतः जांभळीच्या कोपऱ्याभोवती चुन्याची रेघ मारली. पोकलेन रेघेच्या अलीकडे आठ दिवस घरघरत राहिलं, गाळाचे ढीग शेतांत गेले, पाणी मोकळं झालं. रेघेपलीकडचं पाणकणीस उभं राहिलं.

यंदा ते आणखी दाट आहे. हमीदभाई मात्र नाहीत. ईद झाल्यावर मुलीने त्यांना मालेगावला नेलं, भाभींनाही. फोनवर त्यांना बोलणं जमत नाही. मी आकडे सांगतो, ते ‘हूं’ म्हणतात, मग मागे कुकरची शिट्टी होते आणि फोन मुलीच्या हातात जातो. पाणमांजर पुन्हा दिसलं नाही. विष्ठा दोनदा मिळाली. बोटांनी चुरून पाहिली; मला काही त्यांच्यासारखं कळत नाही, पण खवले होते. वहीत परत शिसपेन आहे. फळ्यावर मी दर आठवड्याला लिहितो, नेमकं, आणि शाळेतली मुलं आली की त्यांना निराश झालेलं पाहतो. मग त्यांच्यासाठी एखादं बदक तिकीट काढतं. एवढं ठेवलंय.

सकाळी अजून हाक मारावीशी वाटते. कधी मारतोही. पाळीच्या त्या टोकाला दगडावर आता एक टिटवी बसते, ती मान फिरवून बघते आणि उडत नाही. माझा आवाज इतका कमी झाला असेल असं मला वाटत नाही. तिचेच कान गेले असतील.

पण त्या दिवसाचं एक सांगायचं राहिलं. वही लिहून झाल्यावर आम्ही सांडव्यावर भाकरी खाल्ली, ऊन कलेपर्यंत बसून राहिलो, आणि दिवस मावळताना मी त्यांना धाडला दारापर्यंत सोडलं. दुकानांत दिवे लागत होते. मोपेड बंद केल्यावर गल्ली अगदी शांत झाली. मला काहीतरी मोठं बोलायचं होतं, आणि मला एकाच प्रकारे मोठं बोलता येतं. मी म्हटलं, हमीदभाई, त्या दिवशी ते जनावर दिसलं तवा मी पहिली हाक तुमालेच मारली. सवयीनं. पण अशी मारली, अशी मारली, की धाडच्या बाजारातले लोक वजन करता करता थांबले असतील. तुमी तर इथंच होते.

ते पायाने उंबरा शोधत होते. तो सापडला, त्यावर एक पाय ठेवला, आणि दाराला हात लावून क्षणभर उभे राहिले. जणू आठवून पाहत होते.

“मले नाई आयकू आली,” ते म्हणाले.